मोटारीचा निळा धूर व व्हॉल्व्हचीं रबरी सीलें

कांहीं बागाइतदारांच्या घरीं जुनी अँबॅसडर अद्याप कामांत आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यांत १९५८ पासून निघणारी ही गाडी २०१४ सालीं बंद झाली. तिचें जुनें १४८९ घनसेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन धूर सोडूं लागलें कीं, संपूर्ण इंजिन उतरविण्याचा सल्ला मिळतो. आम्हीही एकदां तो मानला. रिंगा बदलल्या, मोठा खर्च झाला, परंतु सकाळचा धूर कायम राहिला. दोष व्हॉल्व्हच्या दांड्यावरील रबराच्या लहानशा कड्यांत, म्हणजे सीलांत होता. यास्तव इंजिन उघडण्यापूर्वीं धुराची परीक्षा करावी.

सिलिंडरांत ऑइल दोन वाटांनीं शिरतें : खालून पिस्टनच्या रिंगांकडून, किंवा वरून व्हॉल्व्हचा दांडा व गाईड यांमधून. वरची वाट सील थोपवितें. वर्षानुवर्षें उष्णता लागून रबर कडक होतें व चिरतें.

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करतांच निळा धूर येऊन लवकरच थांबला, तर सीलाचा किंवा गाईडचा संशय घ्यावा. घाट उतरतांना अॅक्सलरेटरवरून पाय काढला असतां इंजिनाची ओढ वाढते व ऑइल वरून खेंचलें जातें. पायथ्याशीं पुन्हां पाय देतांच लोट निघतो. हीही तीच खूण होय. चढावर भार घेतांना सतत निळा धूर येत असल्यास रिंगा पाहाव्या. कॉम्प्रेशन कमी भरल्यास प्लगच्या भोकांतून चमचाभर ऑइल घालून पुन्हां मोजावें. आंकडा बराच वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. काळा धूर जास्त पेट्रोलाचा असतो.

या इंजिनांत रॉकर धरणाऱ्या कांहीं नटांवरच हेडही आवळलेलें असतें. म्हणून रेडिएटरचें पाणी काढून सर्व नट आळीपाळीनें थोडथोडे सैल करावे. एकाच बाजूनें सोडल्यास हेड वांकण्याची भीति असते. पुशरॉड क्रमानें मांडून ठेवावे. हेड काढल्यावर सिलिंडर स्वच्छ कापडानें झांकावे. खळ्याची धूळ आंत जातां कामा नये.

हेड टेबलावर घेऊन व्हॉल्व्हखालीं लांकडी ठोकळा द्यावा, स्प्रिंग दाबून लॉक काढावे. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या जागेची खूण करून ठेवावा. दांडा गाईडमध्यें आडवा हालत असेल, तर गाईडही बदलावें. नुसतें नवें सील तेथें टिकणार नाहीं. नवें सील ऑइल लावून, स्प्रिंग दाबलेल्या स्थितींतच लॉकच्या खांचेखालीं बसवावें व मग लॉक घालावे. आधीं सील घालून मग स्प्रिंग दाबल्यास तें कापलें जाण्याचा संभव असतो.

गॅस्केट नवें घालावें. नट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्यानें, पुस्तिकेंतील मापानें आवळावे, टॅपेट लावावे. थोडी गाडी चालवून टॅपेट पुन्हां तपासावे.

पुढें गाडी सपाट जागीं उभी करून दर पंधरवड्यास काडीनें ऑइल पाहावें, घातलेलें ऑइल व झालेला प्रवास वहींत टिपावा. अशी नोंद जवळ असली म्हणजे कारागिराचा सल्ला पारखतां येतो.