खाऱ्या पाण्यापासून होडीगाडीचे रक्षण

मुंबई उपनगरातील चारकोपच्या पश्चिमेस मनोरीची खाडी व तिच्या काठची खारफुटी पसरली आहे. खाडीपलीकडे गोराई व मनोरी ही कोळीवाड्यांची जुनी गावे आहेत. अशा भागात फायबरकाचेची लहान होडी दुरुस्तीसाठी अथवा पावसाळ्यात सुरक्षित ठेवण्यासाठी दोन चाकी लोखंडी गाडीवरून, म्हणजे ट्रेलरवरून, नेणे सोयीचे पडते. होडी पाण्यात सोडताना ही गाडी खाऱ्या पाण्यात उतरवावी लागते. होडीची निगा राखली जाते; गाडीकडे मात्र दुर्लक्ष होते. वाटेत आस मोडल्यास होडीची हानी होते, भरतीची वेळ टळते आणि माणसांच्या जिवासही धोका पोहोचतो. खारजमिनीतून फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रेलरलाही पुढील माहिती तितकीच उपयुक्त आहे.

गंज का चढतो?

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज निर्माण होतो. पाण्यात मीठ असले की ही क्रिया फार वेगाने होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकल्यावर जे पांढरे डाग दिसतात, ते बहुतांशी हेच क्षार होत. डाग कोरडा दिसला तरी तो निरुपद्रवी नसतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की साधे मीठ ओलावा शोषून पाझरू लागते. समुद्राच्या क्षारांतील मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओले होते. म्हणून किनाऱ्यावरील दमट हवेत न धुतलेली गाडी पाण्याबाहेर उभी असतानाही गंजत राहते. क्षार काढून टाकणे हाच रक्षणाचा पाया होय.

दर खेपेची निगा

लांबून ओढून आणलेल्या गाडीच्या चाकांचे तुंबे तापलेले असतात. ते तसेच पाण्यात बुडविल्यास आतील हवा आकसते आणि खारे पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. यासाठी तुंबे हाताला गार लागेपर्यंत थांबावे व मगच गाडी पाण्यात उतरवावी.

काम संपताच, निदान त्याच दिवशी, गाडी गोड्या पाण्याने धुवावी. वरचा भाग धुऊन भागत नाही. कमानपाट्यांच्या फटी, नट-बोल्ट, चाकांच्या आतील बाजू आणि होडी टेकते त्या फळ्यांखालील जागा येथे क्षार दडून राहतात. पोकळ नळ्यांच्या तोंडातून पाणी सोडून त्या आतूनही धुवाव्यात. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगच्या सीलवर मात्र मारू नये. नंतर गाडीचा एक टोकाकडचा भाग उंच करून पाणी निथळू द्यावे व ती वारा लागेल अशा जागी ठेवावी.

डागांची सफाई

क्षाराचे डाग साबणाचे पाणी व मऊ ब्रश यांनी निघतात. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या जड पाण्याने चुन्याचे डाग पडले असल्यास रंगवलेल्या भागावर पाणी मिसळलेला व्हिनेगर फडक्याने लावून लगेच धुऊन टाकावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या भागास व्हिनेगर, लिंबू वा कोणतेही आम्ल लावू नये. आम्लात जस्त विरघळते. त्यावरील पांढरी भुकटी प्लास्टिकच्या ब्रशाने हलकेच काढावी. तारेचा ब्रश वापरल्यास मुलामाच खरवडला जातो.

गंज काढणे व रंग देणे

गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आतून रंगास उचलून धरतो. गंजावर दिलेला रंग याच कारणाने टिकत नाही. प्रथम गाडी धुऊन वाळवावी. सुटा गंज तारेच्या ब्रशाने व काचकागदाने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा. धूळ पुसून त्याच दिवशी प्रायमरचा हात द्यावा व तो वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा मुलामा जळून गेलेला असतो. तेथे जस्तयुक्त रंग लावावा. पत्रा वा नळी हातोडीच्या हलक्या ठोक्याने दबत असेल, तर तो भाग रंगवून झाकू नये, बदलून घ्यावा.

काही ठिकाणी लोखंडास जळके ऑइल फासण्याची रीत आहे. ते पाण्याबरोबर खाडीत उतरून खारफुटी, खेकडे व माशांना अपाय करते आणि टायरचे रबरही खराब करते. त्याऐवजी नट-बोल्टांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा.

वर्षाचे काम

यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारीबंदी 1 जूनपासून सुरू होते. त्यापूर्वी, मे महिन्यात, गंज काढणे व रंगकाम उरकावे. त्याच वेळी तुंबे उघडून पाहावेत. ग्रीस दुधाळ झाले असल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. बेअरिंग रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून नवे ग्रीस भरावे व सील बदलावे. पावसाळ्यात गाडी छपराखाली, चाके जमिनीपासून उचलून ठेवावी. प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नये, कारण आत ओल कोंडते.

या सर्व कामांत सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक काम गोड्या पाण्याने धुण्याचे आहे. दर खेपेस ते कटाक्षाने केल्यास रंग, ग्रीस व दुरुस्ती यांवरील खर्च कमी होतो आणि गाडी पुष्कळ वर्षे विश्वासाने काम देते.