उन्हाळ्यात स्वेटर विणायला घ्यावा का?

प्रश्न : होळीनंतर लोकर हातात घेऊ नये, असं सासूबाई म्हणतात. नातवासाठी अर्धा स्वेटर झालाय, पण हात घामेजतात. काम बंद ठेवू का?
– एक वाचक, दीपनगर (ता. भुसावळ)

उत्तर : ताई, बंद कशाला? भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा मांडीवर लोकरीचा ढीग नको हे खरं. पण म्हणून फक्त काम बदलायचं. पाठ-पोट बाजूला ठेवा, बाह्या विणा. नाहीतर टोपडं, पायमोजे. सकाळी लवकर बसा. धातूच्या सुया घामाने निसटत असतील तर बांबूच्या घ्या.

अर्धा स्वेटर मात्र सुईवर महिनोन् महिने ठेवू नका, त्या ओळीवर खूण पडते. टाके जाड दोऱ्यावर ओवून ठेवा, सुईचा नंबर चिठ्ठीवर लिहा. खरी लोकर असेल तर कसर लागू नये म्हणून घट्ट बंद डब्यात ठेवा. अ‍ॅक्रिलिकला ती भीती नाही. लोकर कमी पडणार असेल तर त्याच लॉटची आत्ताच घ्या, पुढे रंग जुळत नाही.

सुती दोराही चालेल. पण तो लोकरीसारखा ताणून परत जागेवर येत नाही, बॉर्डर सैल पडते. आणि बाळाचं माप? थंडीपर्यंत ते वाढेल, एक साइज मोठंच धरा.