पाठ-टिपण : संगणकांचे जाळे व प्रकाशतंतू

हेतू.— 'नेट', 'राउटर', 'फायबर' हे शब्द आज खेड्यातील मुलांच्याही तोंडी आहेत. परंतु त्यांमागील वस्तू थोड्यांसच ठाऊक असते. शब्द पाठ आणि अर्थ अज्ञात, अशी स्थिती राहू नये, म्हणून शिक्षकबंधुभगिनींसाठी हे टिपण दिले आहे.

परिभाषा.— माहितीची देवघेव करता यावी म्हणून परस्परांस जोडलेल्या संगणकांच्या समूहास जाळे अथवा नेटवर्क म्हणतात. जाळ्यातून निरोप सलग जात नाही. त्याचे लहान तुकडे पाडतात. ती पॅकेटे होत. प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. तो वाचून पॅकेट पुढील वाटेस लावणारे यंत्र म्हणजे राउटर. येथे टपालाचा दृष्टान्त द्यावा. मात्र एक भेद सांगावा : एकाच निरोपाची पॅकेटे निरनिराळ्या वाटांनी जाऊ शकतात व मुक्कामी पुन्हा क्रमाने जुळविली जातात.

प्रकाशतंतू.— हा काचेचा अतिशय बारीक धागा होय. लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर व काचेच्या आवरणासह जाडी १२५ मायक्रोमीटर असते. गाभ्याचा अपवर्तनांक आवरणाहून किंचित अधिक असल्यामुळे प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. यास पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. प्रकाशाच्या अतिशीघ्र उघडझापीने ० व १ हे अंक पाठविले जातात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे २ लक्ष किलोमीटर असतो; म्हणजे ८०० किलोमीटर अंतर तो एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागात तोडतो.

प्रवासात प्रकाश मंदावतो, यास क्षीणन म्हणतात. एक किलोमीटरानंतर शेकडा १ भाग प्रकाश उरला तरी दूरसंदेशवहन शक्य होईल, असे चार्ल्स काव यांनी १९६६ साली प्रतिपादिले. १९७० साली अमेरिकेत तशी काच सिद्ध झाली. काव यांस २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या उत्तम तंतूत सुमारे १५ किलोमीटरांनंतरही निम्मा प्रकाश उरतो.

प्रयोग.— पारदर्शक बाटलीच्या तळाजवळ छिद्र पाडून ती पाण्याने भरावी. खोलीत अंधार करून छिद्रासमोरील बाजूने विजेरीचा झोत टाकावा. पडणाऱ्या धारेखाली तळहात धरल्यास तेथे उजेड दिसतो. प्रकाश वाकडा झाला नाही, धारेच्या आत परावर्तित होत गेला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

सावधगिरी.— ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मान्यता दिली. तेव्हापासून अनेक गावांच्या रस्त्यांकडेने अशी केबल पुरलेली आहे. तुटलेल्या टोकात डोळा लावून कोणीही पाहू नये. आतील प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही. तरी तो दृष्टीस अपायकारक ठरू शकतो. काचेचे कण कातडीत शिरतात, म्हणून हातही लावू नये. ही सूचना मुलांकडून वदवून घेतल्याखेरीज पाठ संपवू नये.

प्रश्न.— (१) पॅकेटावर पत्ता कशासाठी? (२) आवरण नसते तर काय झाले असते? (३) खोदकामात केबल तुटली, तर गावातील कोणकोणती कामे अडतील?