समुद्रकृमीच्या पिलाचा डोळा

ओहोटीच्या वेळीं मनोरीच्या खाडीकाठीं तिवरांखालचा चिखल पाहिल्यास त्यांत असंख्य बारीक भोकें दिसतात. त्यांपैकीं कांहींत नेरीस कुळांतील वलयांकित कृमि राहतात. मासे व किनाऱ्यावरील पक्षी यांचें तें खाद्य होय. परंतु चिखलांत दडणाऱ्या या प्राण्यांपैकीं अनेकांचें बालपण मोकळ्या पाण्यांत जातें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

अशा कृमीच्या पिलास शास्त्रांत डिंभ म्हणतात. आरंभीं तो मिलिमीटरच्या पांचव्या हिश्श्याहूनही लहान असतो. त्याच्या अंगाभोंवतीं सूक्ष्म केसांचा पट्टा असून ते केस वल्ह्यांप्रमाणें हालून त्यास पुढें नेतात. आतां प्रश्न असा कीं, एवढ्याशा जीवास उजेडाची वाट सांपडते कशी?

सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहतां त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस एकेक गडद ठिपका दिसतो. हाच त्याचा डोळा. मनुष्याच्या डोळ्यांत प्रकाश ग्रहण करणाऱ्या कोट्यवधि पेशी असतात. येथें प्रत्येक डोळ्यांत अवघ्या दोन पेशी! एक प्रकाश ग्रहण करते; दुसरी रंगद्रव्यानें भरलेली असून पहिलीवर एका बाजूनें सावली धरते. या डोळ्यांत चित्र उमटत नाहीं. प्रकाश कोणत्या दिशेनें येतो एवढेंच कळतें.

प्लॅटिनेरीस नांवाच्या कृमीच्या डिंभावर प्रयोग करून गाश्पार येकेय व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं यांतील मर्म उलगडलें. प्रकाशग्राही पेशीचा तंतु थेट जवळच्या केसांच्या पेशींपर्यंत जातो. ज्या डोळ्यावर उजेड पडतो, त्या बाजूच्या केसांचा जोर कमी होतो. उजवीकडील वल्हें मंदावलें म्हणजे होडी उजवीकडे वळते, हें आपल्या कोळी बांधवांस सांगावयास नको. तसाच डिंभही उजेडाकडे वळतो. तो गिरक्या घेत मळसूत्री मार्गानें पोहतो, म्हणून त्याचे डोळे चहूंकडील प्रकाश पाळीपाळीनें अजमावतात. गिरकी नसेल तर दिशा साधत नाहीं, असें संगणकावर मांडलेल्या गणितावरून दिसून आलें.

डिंभाच्या डोक्याच्या टोकास संवेदनशील पेशींचा आणखी एक पुंजका असतो. पोहणें सोडून तळाशीं वस्ती केव्हां करावी, हें ठरविण्यांत त्याचा भाग असतो. पुढें प्रौढ कृमीस डोळ्यांच्या दोन जोड्या लाभतात.

प्रवाह व शत्रु यांतून वांचून योग्य चिखल गांठणारे डिंभ थोडेच. त्या प्रवासांत दोन पेशींचा हा डोळा त्यांचा वाटाड्या होय. विद्यार्थिमित्रहो, खाडीच्या पाण्याचा एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीं अवश्य पाहा. आपण ज्यास नुसता चिखल म्हणतों, त्यांतील रहिवाशांचें बालपण कदाचित् त्या थेंबांत गिरक्या घेत असेल. आणि खाडींत केर टाकण्यास उचललेला हात मग आपोआप थांबेल.