एकादशी, दिवे घाट आणि मधुमेहाची गोळी

आषाढी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, पालखीबरोबर एक दिवस चालून येऊ का? साखर आहे, पण गोळ्या चालू आहेत." पूर्ण वारी करणारे वर्षानुवर्षे चालतात, त्यांना आपल्या शरीराची सवय असते. मी लिहितो आहे ते आमच्यासारख्यांसाठी. दवाखाना, दुकान, नोकरी यांतून अठरा-वीस दिवस मोकळे मिळत नाहीत, म्हणून दरवर्षी एकच टप्पा चालायचा आणि पुढच्या वर्षी तिथूनच पुढे निघायचे. या हिशेबाने पंढरपूर कधी येईल ते पांडुरंगच जाणे!

पहिल्या वर्षी आळंदी ते पुणे झाले. २०२३ साली दुसरा टप्पा, पुणे ते सासवड. माउलींच्या पालखीच्या वाटेवरची ही मोठी मजल, सुमारे बत्तीस किलोमीटर, आणि त्यात दिवे घाटाचा चढ. वर हा टप्पा बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो. त्या वर्षीही १४ जूनला एकादशीच होती. सोबत माझे जुने पेशंट, निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, मीही. वय चौसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, साखर चांगली ताब्यात.

त्या सकाळी एक चूक गुरुजींनी केली आणि एक मी. त्यांनी नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि एकादशी म्हणून फक्त बिनसाखरेचा चहा घेतला. न खाल्ले तर साखर आपोआप ताब्यात राहील, असा त्यांचा हिशेब. माझी चूक अशी की मी विचारलेच नाही. बुटांविषयी मात्र अर्धा तास भाषण दिले होते!

हडपसरला तुकोबांची पालखी लोणीच्या रस्त्याला लागते आणि माउलींची सासवडच्या. तिथपर्यंत गुरुजी माझ्यापुढे होते. वडकी नाल्याला विसावा झाला. शेजारच्या दिंडीत साबुदाण्याची खिचडी वाटत होते, गुरुजींनी हात जोडून नाही म्हटले. घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, ते पाहायला गर्दी उसळते. आम्ही पुढे निघालो. खाली मस्तानी तलाव दिसू लागला तेव्हा गुरुजी मागे पडले. वळून पाहिले तर चेहरा पांढरा, अंगावर दरदरून घाम. "बसा" म्हटले तर माझ्यावरच खेकसले. तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी वरच्या आवाजात बोललेला नाही. मला वाटले, ऊन लागले. पाणी दिले. मग त्यांनी विचारले, "आपण कुठे चाललोय?" तेव्हा माझे डोके ठिकाणावर आले. पिशवीतल्या यंत्रावर साखर तपासली, ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका.

असे का झाले? ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. यकृतातला साठा उपवासात संपत आलेला. तिन्ही बाजूंनी खर्च, जमा शून्य.

शेजारच्या माउलींकडून साखर मिळाली. चार चहाचे चमचे पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ७४. मग दोन केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. ही दुसरी पायरी लोक विसरतात. या गोळीचा असर दिवसभर राहतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते, अगदी रात्री झोपेतही. अशा वेळी आधी खिचडी किंवा पेढा देऊ नये, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ला फोन करावा.

नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन असणाऱ्यांनी मात्र चालायला जाण्याच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यावा. आपल्या मनाने औषध बंद करू नये, इन्शुलिन तर नाहीच. उपवास मोडायला मी सांगत नाही. भगर, रताळे, केळे, खजूर उपवासालाही चालतात, दर दीड-दोन तासांनी थोडे खावे. आणि बरोबरच्या माणसाला आपल्याला मधुमेह आहे हे सांगून ठेवावे, कारण साखर उतरलेल्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. गर्दीत लोक थकवा समजतात. डॉक्टरसुद्धा समजतो.

सासवडपर्यंतचे उरलेले अंतर आम्ही एका जीपमधून गेलो. गुरुजींना ते फार लागले. मुक्कामी बूट काढले तर डाव्या अंगठ्याखाली फोड फुटून मोजा भिजलेला. "दुखलं नाही?" विचारले तर म्हणाले, "काहीच नाही." बारा वर्षांच्या मधुमेहाने तळव्याची संवेदना गेलेली, आणि मी ती कधी नीट तपासली नव्हती. जखम भरायला पाच आठवडे लागले. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मधुमेह्याला मी आधी चपला काढायला लावतो.

२०२४ साली आम्ही सासवड ते जेजुरी चाललो. अंतर निम्म्याच्या आसपास. गोळी सकाळी घेतली नाही, दर विसाव्याला मोजे काढून पाय पाहिले. गुरुजींच्या खिशात ग्लुकोजची पुडी होती, आणि जेजुरीचा गड दिसेपर्यंत त्यांनी तीनदा मलाच विचारले, "डॉक्टर, तुम्ही काही खाल्लंत का?"