गोड्या पाण्यांतील माशांची ओळख व पारख

जुन्नर व आंबेगांव हे आपले तालुके द्राक्षें, टोमॅटो, कांदा व बटाटा यांसाठीं प्रसिद्ध आहेत. मासा हेंही येथील एक पीक होईल असें पूर्वीं कोणी म्हटलें असतें, तर लोक हंसले असते. परंतु कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे हीं पांच धरणें झाल्यापासून, आणि शेतोशेतीं प्लॅस्टिकच्या कागदाचीं शेततळीं झाल्यापासून, पाण्याबरोबर मासाही आपल्या दारीं आला आहे. डिंभ्याच्या जलाशयांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आदिवासी बांधवांनीं सहकारी पद्धतीनें तेथें मासेमारी चालविली. त्यांस जें ज्ञान अंगवळणीं पडलें आहे, तें आपणां बागायतदारांस मात्र मुद्दाम शिकावें लागतें.

न शिकल्यास काय होतें हें मीं स्वतः अनुभविलें आहे. ‘रोहू-कटला’ म्हणून घेतलेली बोटुकली मीं शेततळ्यांत सोडली. वर्षाअखेर जाळें ओढलें, तों निम्म्याहून अधिक मासे सायप्रिनस निघाले. व्यापाऱ्यानें भाव पाडला; घरीं शिजविलेल्या माशास चिखलाचा वास आला व मुलांनीं ताटें दूर सारलीं. बीज देणाऱ्यानें फसविलें हें खरें. परंतु बोटभर मासा ओंजळींत घेऊन त्याचें तोंड पाहण्याची तसदी मींही घेतली नव्हती. ही चूक वाचकांच्या हातून होऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेख. ज्यांस मत्स्याहार वर्ज्य आहे, त्यांसही विक्रीच्या दृष्टीनें याचा उपयोग होईल.

नांवावर विसंबूं नये

माशांचीं नांवें दर दहा कोसांवर बदलतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या नद्यांतील माशांचें वर्णन १८३९ मध्यें प्रसिद्ध केलें, तेव्हां कोलस, पोटेल, नुक्ता हीं येथील लोकांच्या तोंडचींच नांवें त्यानें शास्त्रांत घातलीं. तीं शास्त्रांत कायम राहिलीं. बाजारांत मात्र आज खवल्यांचा कोणताही मोठा मासा ‘रोहू’ म्हणून खपविला जातो. यास्तव नांव ऐकण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या: तोंड कोणत्या दिशेस उघडतें, मिशा आहेत काय व किती, अंगावर खवले आहेत कीं नुसती कातडी, आणि पाठीवरील पर आंखूड आहे कीं लांब.

खवल्यांचे मोठे मासे

कटला, रोहू व मृगळ हे तिघे मूळचे मुख्यतः गंगेकडील. १९५७ च्या जुलै महिन्यांत डॉ. हीरालाल चौधरी यांनीं अंतःक्षेपणानें या जातीच्या माशांची वीण करून दाखविली. त्यानंतर त्यांचें बीज नदीवर अवलंबून न राहतां सर्वत्र मिळूं लागलें.

कटल्याचें डोकें अंगाच्या मानानें फार मोठें असतें, तोंड वर वळलेलें असतें व मिशा मुळींच नसतात. तो पाण्याच्या वरच्या थरांत चरतो. वाढ झपाट्यानें होते. मांस थोडें भरड, परंतु डोक्याची आमटी उत्तम होते.

रोहूचें डोकें लहान, अंग लांबट व परांवर तांबूस झांक असते. तोंड किंचित् खालीं असून ओंठ जाड व झालरीसारखे असतात. बोट लावून पाहिल्यास ही झालर स्पष्ट कळते. तो मधल्या थरांत राहतो. चवीस हा तिघांत श्रेष्ठ मानला जातो.

मृगळ हाच बहुधा रोहू म्हणून विकला जातो. त्याचें अंग रुपेरी व सडपातळ, तोंड रुंद व खालच्या बाजूस असतें. परंतु ओंठ पातळ असून त्यांस झालर नसते. ही एक खूण लक्षांत ठेविल्यास फसवणूक टळेल. तो तळाशीं चरतो. मांस मऊ, कांटे अधिक.

सायप्रिनस ओळखणें सर्वांत सोपें आहे. तोंडाशीं मिशांच्या दोन जोड्या, पाठीवरील पर फार लांब, व त्या पराच्या आरंभीं करवतीसारखा दांतेरी कांटा. रंग सोनेरी, म्हणून दिसण्यास मोहक. तो तळ उकरतो. मातीच्या तळ्यांत त्यानें पाणी गढूळ होतें व बांधाची माती ढासळते. पोटांत अंडीं व चरबी फार, म्हणून वजनाच्या मानानें मांस कमी पडतें.

गवत्या हा लांबट, गोल अंगाचा व बिनमिशांचा मासा १९५९ मध्यें हिंदुस्थानांत आणिला गेला. बांधावरचें कोंवळें गवत यास चालतें. मांस घट्ट व चांगलें. त्याच वर्षीं आलेला चंदेरा मात्र अगदीं बारीक खवल्यांचा, खालीं बसलेल्या डोळ्यांचा असून त्यांत बारीक कांटे विपुल असतात व तो लवकर नासतो.

तव्यावरचे मासे

घरच्या तव्यासाठीं सर्वांत सोयीची चिलापी. ती तळहाताएवढी, चपटी असते. पाठीवर एकच लांब पर असून त्याचा पुढील भाग कांटेरी व मागील मऊ असतो. अंगावरील बाजूची रेघ मध्येंच तुटून दोन तुकड्यांत चालते. मांसांत बारीक कांटे नसल्यानें मुलांस देण्यास ती निर्धोक. परंतु १९५२ मध्यें आणिलेली ही जात वर्षांतून अनेकदां विते, तळें पिलांनीं भरून टाकते, व मग एकही मासा धड वाढत नाहीं. सबब मत्स्यखात्याच्या परवानगीवांचून ती तळ्यांत सोडूं नये.

मरळ सापासारख्या डोक्याचा, लांब परांचा. तो बाहेरची हवा घेत असल्यानें बाजारांत जिवंत मिळतो. मांस पांढरें, घट्ट व बारीक कांट्यांवांचून. भावही त्याप्रमाणें चढा. मात्र तो दुसरे मासे खातो, म्हणून बोटुकलीच्या तळ्यांत त्यास थारा देऊं नये. वाम ही लांबट, टोंकदार तोंडाची. पाठीवर सुट्या कांट्यांची ओळ असते. शिंगट्यास खवले नसतात, मिशांच्या चार जोड्या असतात. परांतील कांटा बोचल्यास फार वेदना होतात, तेव्हां हाताळतांना जपावें. मांगुरासही चार जोड्या मिशा असतात. परंतु पाठीवरील लांब परांत कांटा नसतो. फार मोठा मांगूर स्वस्तांत मिळाल्यास तो परदेशी आफ्रिकी जातीचा समजून नाकारावा. त्याच्या पैदाशीस बंदी असून, २०१९ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें तो नष्ट करण्याचे आदेश दिले आहेत.

चव पाण्याची, ताजेपणा काळाचा

जात चांगली म्हणून मासा चांगला, असें नाहीं. निळसर-हिरवें शेवाळ व तळच्या गाळांतील सूक्ष्म जंतू एक मातकट वासाचें द्रव्य पाण्यांत सोडतात. तें कल्ल्यांवाटे शिरून माशाच्या चरबींत मुरतें. मासा स्वच्छ पाण्यांत ठेविल्यास तें हळूहळू निघूनही जातें. म्हणून जाळें टाकण्यापूर्वीं एक मासा धरावा, शेपटाकडील तुकडा मीठ-मसाला न घालतां वाफवून चाखावा. वास आल्यास विक्री लांबवावी, खाद्य बंद करून मासे कांहीं दिवस वाहत्या स्वच्छ पाण्यांत ठेवावे व पुन्हां चाखावे. घरापुरता वास चिंचेच्या कोळानें पुष्कळ कमी होतो, कारण आंबटानें तें द्रव्य मोडतें. रोहू-मृगळांतील बारीक दुफाटे कांटे बोचूं नयेत यासाठीं तुकड्यावर जवळजवळ आडव्या चिरा देऊन तो खरपूस तळावा.

विकत घेतांना डोळा फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल, खवले घट्ट व बोटानें दाबलेलें मांस लगेच वर येणारें असावें. डोळा खोल गेलेला, कल्ले तपकिरी व पोट फुटूं लागलेलें असल्यास कोणत्याही भावांत तो मासा घेऊं नये. आपला माल नारायणगांव-मंचरकडे धाडतांना पोट साफ करून, माशाच्या वजनाइतकें बर्फ घालावें. उन्हाळ्यांत कांहीं घटकांची हयगयही सर्व वर्षाचें श्रम नासविते.

कांद्याचें बीं आपण मुठींत घेऊन पारखतों, बैलाचे दांत मोजल्यावांचून दावें हातांत धरीत नाहीं. बोटुकलीच्या पिशवीचें तोंड तळ्यांत सोडण्यापूर्वीं तीच सावधगिरी ठेवावी: पांचपन्नास पिलें परातींत घ्यावीं, ओंठ व मिशा पाहाव्या, नसती जात तेथेंच परत करावी. पाऊण तासाचें हें काम वर्षाचा पश्चात्ताप वांचवितें.