घरातलं तळं : वनस्पतींची मोठी मत्स्यपेटी

काचेच्या पेटीत पोहणारे रंगीत मासे कोणाला आवडत नाहीत? पण पुष्कळ घरांत काय होतं, हौसेने टाकी आणतात, त्याच दिवशी मासे सोडतात आणि आठवडाभरात एकेक मासा उलटा होऊन तरंगू लागतो. याचे कारण बहुधा एकच असते. पाणी तयार झालेले नसते. पाणी तयार करायचे म्हणजे काय, ते या पाठात पाहू.

टाकी मोठी का? तांब्यातले पाणी उन्हात लगेच तापते, विहिरीचे तापत नाही. तसेच टाकीचे आहे. पाणी जास्त असले की ते हळूहळू तापते आणि माशांची घाणही त्यात विरळ होते.

समजा टाकी १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद व ४५ सेंमी उंच आहे. तिघांचा गुणाकार २,४३,००० घन सेंमी, म्हणजे २४३ लिटर. तळाची ५ सेंमी माती-वाळू आणि वरची ५ सेंमी मोकळी जागा सोडली, तर पाणी राहते सुमारे १८९ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. वाळू आणि काच धरून सगळे वजन ३०० किलोच्या आसपास जाते, म्हणजे ५० किलोची सहा पोती! म्हणून टाकी टेबलावर ठेवू नये. लोखंडी घोडा करून घ्यावा, गवंडीकाकांकडून पाणसळ लावून तो सपाट करावा आणि काचेखाली थर्मोकोलचा पत्रा घालावा. टाकी खिडकीच्या थेट उन्हात नको, नाहीतर पाणी शेवाळाने हिरवे होते.

साहित्य : टाकी, चाळलेली माती, धुतलेली वाळू, पाणवनस्पती, एलईडी दिवा, स्पंजची गाळणी, प्लास्टिकची नळी.

कृती :

१. तळाला २ सेंमी माती पसरावी. फवारणी केलेल्या शेतातली माती नको. युरिया तर मुळीच टाकू नये, त्यापासून अमोनिया तयार होतो आणि मासे मरतात.

२. मातीवर ३ सेंमी वाळू घालावी. वाळूवर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती घेऊ नये.

३. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळू पाणी ओतावे, म्हणजे माती वर येत नाही. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मगच वापरावे.

४. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया लावावे. हायड्रिला ओढ्यात, कालव्यात मिळते, पण पाण्यात एकट्याने उतरू नये, मोठ्या माणसाला सोबत न्यावे. आणलेली वनस्पती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवावी. तिच्यात चतुराच्या अळ्या लपलेल्या असतात, त्या लहान मासे खातात.

५. दिवा रोज आठ तास लावावा. गाळणी मात्र अखंड चालू ठेवावी.

आता थांबायचे! इथेच घाई नडते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असे करू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते फारसे त्रास देत नाही. हे जिवाणू वाळूत आणि गाळणीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पिकाला जसे खत, तसे वनस्पतींना अमोनिया आणि नायट्रेट. पिकाखाली जमिनीत चालते तेच काम इथे काचेतून दिसते.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये असाच प्रयोग मांडला होता. त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवले. पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्या कुजलेले खात आणि पाणी स्वच्छ राही.

मासे सोडताना : आधी पाच-सहा झेब्रा मासेच सोडावेत. हा मासा आपल्या भारतातलाच आहे. पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग तोंड सोडावे. दोन आठवड्यांनी आणखी थोडे मासे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे. चपातीचे तुकडे, चुरमुरे नकोत.

काळजी : दर आठवड्याला पाव भाग पाणी नळीने काढावे, म्हणजे मोठ्या तीन बादल्या. ते परसबागेला घालावे, वांगी-मिरचीला चांगले. पालकांनी एक विचार करावा. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे एवढी टाकी पावसाळ्यानंतरच मांडावी आणि पाणी पुरणार नसेल तर लहान टाकी बरी. पाण्यात हात घालण्यापूर्वी दिव्याचा आणि गाळणीचा प्लग काढावा. वीज गेली तर दिवसा उजेडात वनस्पती प्राणवायू देतात, पण रात्री त्याच प्राणवायू वापरतात. म्हणून मासे मोजकेच ठेवावेत आणि रात्री वीज गेली तर मगाने पाणी वर-खाली करावे.

सर्वांत महत्त्वाचे : टाकी नको झाली तर मासे किंवा वनस्पती ओढ्यात, विहिरीत सोडू नका. दुकानातून आणू त्यांना परत द्या. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आली आणि आज आपल्या नद्या झाकून टाकते. सकर मासाही तिकडचाच. टाकीतून सुटून तो भारताच्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे. उलट केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांतला 'मिस केरला' मासा टाक्यांसाठी पकडून पकडून धोक्यात आला. म्हणून मासे घेताना ते पैदास केलेले आहेत की नदीतून धरलेले, हे दुकानदाराला जरूर विचारा.

गणित सोडवा : टाकी १०० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद, ४० सेंमी उंच आहे. काठोकाठ किती लिटर पाणी मावेल? (उत्तर : १६० लिटर)

— इयत्ता सातवी, विज्ञान मंडळ